एसी गार करत नाही? गॅस भरण्याआधी थर्मामीटर लावा

एप्रिल उजाडला की एसी दुरुस्त करणाऱ्यांचे फोन लागेनासे होतात. तक्रार ठरलेली: एसी चालू आहे, पण गारवा नाही. उत्तरही बहुतेक वेळा ठरलेलं: "गॅस संपलाय, भरावा लागेल." गॅस कमी झालेला असू शकतो, पण तपास तिथून सुरू करणं मला पटत नाही. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून जात नाही. बंद नळ्यांतून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत असतो. कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळतो आहे.

आजच्या बऱ्याच घरगुती एसींत आर-३२ हा वायू असतो. साध्या हवेच्या दाबाला तो उणे ५२ अंशांच्या आसपास उकळतो. घरातल्या युनिटच्या कॉइलमध्ये, म्हणजे वळणावळणाच्या नळीत, त्या द्रवाची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता तो खोलीतल्या हवेतून ओढून घेतो. बाहेरचा कॉम्प्रेसर ही वाफ दाबतो, तशी ती बाहेरच्या हवेपेक्षाही तापते. म्हणूनच नागपूरच्या ४५ अंशांतसुद्धा ती आपली उष्णता बाहेर सोडून पुन्हा द्रव होऊ शकते. एसी उष्णता उचलतो, वाहून नेतो आणि बाहेर टाकतो. या तिन्हींपैकी काय अडलंय, एवढंच शोधायचं असतं.

त्यासाठी एक साधा डिजिटल थर्मामीटर पुरतो. दारं-खिडक्या लावून एसी १८ अंशांवर आणि पंखा जोरात ठेवून वीस मिनिटं चालवा. मग युनिटच्या वरून आत शिरणाऱ्या हवेचं तापमान घ्या आणि खालच्या फटीतून येणाऱ्या हवेचंही. दोन्हींत साधारण ८ ते १२ अंशांचा फरक हवा. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात तो आणखी जास्त मिळेल, मुंबई-रत्नागिरीकडे कमी.

किनाऱ्यावर तो कमी का, हे समजून घेण्यासारखं आहे. हवेतल्या बाष्पाचं पाणी होतं तेव्हा उष्णता बाहेर पडते, आणि तीही एसीलाच उचलावी लागते. दीड टनाचा एसी पूर्ण ताकदीनं साधारण ५.२५ किलोवॉट उष्णता खेचतो. त्याच्या ड्रेन पाइपातून तासाला दोन लिटर पाणी पडत असेल, तर त्यातले जवळजवळ १.३५ किलोवॉट, म्हणजे पाव हिस्सा, नुसतं पाणी करण्यातच गेले. खोलीचं तापमान हळू उतरतं, पण अंगाची चिकचिक जाते. तो एसी बिघडलेला नाही.

फरक नीट मिळतोय आणि तरी खोली तापलेलीच, तर दोष खोलीकडे बघून शोधा. वरच्या मजल्याचा स्लॅब, पश्चिमेची भिंत, दाराखालची फट, खोलीच्या मानानं लहान एसी. इथे गॅस भरून काहीही होणार नाही.

फरक कमी असेल तर आधी फिल्टर काढून बघा. धुळीनं तो बुजला की कॉइलवरून हवा पुरेशी जात नाही, कॉइल शून्याखाली उतरते, तिच्यावर बर्फ धरतो आणि उरलीसुरली वाटही बंद होते. बर्फ खरवडू नका. एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवा, तो आपोआप वितळेल.

मग बाहेरचं युनिट. एसीची क्षमता बाहेर ३५ अंश तापमान धरून मोजलेली असते, त्यामुळे मे महिन्यात ती मुळातच घटते. त्यात युनिट बंदिस्त डक्टमध्ये असेल, समोर पत्रा ठोकलेला असेल किंवा मागच्या जाळीवर कबुतराची पिसं आणि धूळ बसली असेल, तर उष्णता बाहेर टाकणंच अडतं. युनिट सहज हाती लागत असेल तरच मेन स्विच बंद करून जाळी पाण्यानं धुवा. इमारतीच्या बाहेर टांगलेल्या युनिटला स्वतः हात लावू नका. आतला पंखा फिरतो पण बाहेर नुसतीच गुणगुण ऐकू येते, तर कपॅसिटर, म्हणजे मोटरला सुरू व्हायला जोर देणारा भाग, गेलेला असू शकतो. वीज बंद केल्यावरही त्यात विद्युतभार राहतो, म्हणून ते काम तंत्रज्ञाचं.

हे सगळं ठीक असेल तर आता गॅसकडे वळा. बाहेरच्या युनिटच्या व्हॉल्व्हपाशी बारीक नळीवर बर्फाचा पांढरा थर आणि जाड नळी कोमट, ही गॅस कमी असल्याची ओळखीची खूण. गळती बहुधा नळ्यांच्या जोडांवर सापडते. तिथे तेलकट डाग दिसतो, साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे येतात. खाडी किंवा नाल्याकाठच्या घरांत मात्र हवेतला हायड्रोजन सल्फाइड तांब्याची कॉइलच काळी पाडून पोखरतो.

तंत्रज्ञ आला की गळती शोधायला सांगा. ती बंद झाल्यावर नायट्रोजननं दाब तपासून आणि पंपानं व्हॅक्युम करूनच, म्हणजे नळ्यांतली हवा काढूनच, गॅस भरायचा, तोही वजनकाट्यावर. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेग बदलत असतो, त्यामुळे नुसत्या गेजवरच्या (दाबमापकावरच्या) दाबावरून अंदाज चुकतो. किती गॅस हवा ते बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर छापलेलं असतं. गळती तशीच ठेवून भरलेला गॅस हवेत जातो, आणि एक किलो आर-३२ शंभर वर्षांत साधारण ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी तापमानवाढ करतो. कॉइलच जागोजागी पोखरली असेल तर दरवर्षी गॅस भरण्यापेक्षा ती बदलायला किती खर्च येईल, तेच आधी विचारा.