बर्फ बर्फ म्हणजे सगळा सारखाच नसतो

1953 साली कॅनडा सरकारने हडसन बे या उपसागराच्या काठावरच्या इनुकजुआक गावातली काही इन्युइट (म्हणजे ज्यांना एस्किमो म्हणायचे ते उत्तरेकडचे मूळ रहिवासी) कुटुंबं सी. डी. हाउ नावाच्या जहाजात बसवली आणि पार उत्तरेला, 2000 किलोमीटर लांब नेऊन सोडली. तिकडे शिकार भरपूर आहे, नाही आवडलं तर दोन वर्षांनी परत आणू, असं सांगितलेलं. 1955 ला अजून काही कुटुंबं नेली, सगळी मिळून 90 च्या आसपास माणसं. काही एल्समियर बेटावर ग्रीस फियॉर्डला, काही कॉर्नवॉलिस बेटावर रेझोल्यूटला, आणि आपण असे वेगवेगळे होणार हे लोकांना कळलं कधी तर जहाजावर!

सरकारी डोक्यातला हिशोब सोपा होता, एस्किमो आहेत, थंडीतलेच आहेत, इथे काय नि तिथे काय. पण इनुकजुआक 58 अंश उत्तरेला आणि ग्रीस फियॉर्ड 76 वर, म्हणजे साधारण कन्याकुमारी ते दिल्लीएवढा फरक. इनुकजुआकला हिवाळ्यात दिवस छोटा झाला तरी पाचसहा तास उजेड असतो, ग्रीस फियॉर्डला मात्र ऑक्टोबरअखेर सूर्य बुडाला की तो फेब्रुवारीतच उगवतो. अशा अंधाराची सवय इनुकजुआकच्या कुणालाच नव्हती, अन् त्यातच शिकारीला जायचं. रेझोल्यूटचं इन्युइट नावच कौसुइत्तुक, म्हणजे जिथे पहाट होत नाही ती जागा.

परत हा सगळा भाग ध्रुवीय वाळवंट आहे. बर्फ दिसतो म्हणून आपल्याला वाटतं पाणीच पाणी, पण रेझोल्यूटला वर्षभराचा बर्फ-पाऊस मिळून 200 मिलिमीटरसुद्धा होत नाही, आपल्या माणदेशात याच्या दुप्पट तरी पडतो. पाणी कमी म्हणजे झाडझाडोरा कमी, आणि मग चरणारे प्राणीही कमी. मूळ गावात मासे, पक्षी, अंडी, बेरी असं सगळं मिळायचं, ते इथे जवळपास बंदच. कस्तुरी बैल होते पण ते मारायला कायद्याने बंदी!

इग्लूचं, म्हणजे बर्फाच्या घराचं पण तेच. त्याला कुठलाही बर्फ चालत नाही, वाऱ्याने दाबून घट्ट बसलेला, सुरीने चौकोनी ठोकळे कापता येतील असाच लागतो, आणि तसा पुरेसा मिळाला नाही म्हणून पहिला हिवाळा या लोकांनी तंबूत काढला. तंबूत, विचार करा.

मुद्दा असा की शिकाऱ्याचं ज्ञान त्या-त्या जागेचं असतं. कुठल्या महिन्यात समुद्राचा बर्फ कुठे पातळ होतो, सील कुठल्या भोकातून श्वास घ्यायला वर येतो, हे पिढ्यान्‌पिढ्या बघून कळतं, माणसं उचलून नेली म्हणून नव्या जागेची माहिती सोबत येत नाही. तिकडच्या हवामानाची सवय असलेली थोडी कुटुंबं पाँड इनलेट या उत्तरेकडच्याच गावातून मदतीला आणली होती खरी, पण तेही शेवटी दुसरंच ठिकाण. तरी ही माणसं टिकली, बेलुगा देवमाशांचे येण्याजाण्याचे रस्ते शिकली, आणि पुढे दरवर्षी 18,000 चौरस किलोमीटर भागात शिकार करायला लागली, म्हणजे आख्ख्या पुणे जिल्ह्यापेक्षा मोठा पट्टा पायाखाली!

हे सगळं कशासाठी, तर सरकार म्हणायचं लोकांच्याच भल्यासाठी. पण शीतयुद्धाचे दिवस होते आणि रिकाम्या बेटांवर आपली वस्ती दिसली म्हणजे हक्क पक्का होतो, हे कारण बऱ्याच जणांना जास्त पटतं, मलाही. सरकारची अधिकृत माफी आली थेट 2010 मध्ये.

आणि ते दोन वर्षांनी परत आणायचं वचन? 1989 ला सरकारी खर्चाने साधारण 40 जण इनुकजुआकला परतले. तोवर ग्रीस फियॉर्ड आणि रेझोल्यूटलाच जन्मलेली पोरं मोठी झाली होती, त्यांचं गाव तेच, मग म्हातारी माणसं दक्षिणेला आणि पोरं उत्तरेला, घरं पुन्हा फुटलीच.