दागिने व्यवसायातील महिला संघटन व प्रशिक्षण (बेळगाव सीमाभाग)

बेळगाव जिल्ह्याच्या मराठी-कानडी सरमिसळ पट्ट्यात, म्हणजे बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या भागात, दागिन्यांच्या धंद्यात राबणाऱ्या स्त्रियांचे गट आणि त्यांच्यासाठी चालणारे शिक्षणवर्ग हा या नोंदीचा विषय आहे. सराफी पेढी, घरगुती चांदीकाम, पोत गाठवणे (मणी दोऱ्यात ओवून गळ्यातला दागिना बांधणे) आणि मोत्याचे व इमिटेशनचे दागिने अशी या धंद्याची चार अंगे आहेत. चारही ठिकाणी बाईचा हात आहे. पेढीच्या पाटीवर मात्र पुरुषाचे नाव असते आणि व्यापारी संघाच्या यादीतही तेच नाव जाते. सराफ संघ हे मुळात दुकानदारांचे संघ असल्यामुळे घरी बसून घुंगरू जोडणारी किंवा तुशी गाठवणारी बाई त्यांच्या कक्षेबाहेर राहते. तिला धंद्यातली माणूस म्हणून उभे करण्याचे काम झाले ते बचत गट, छोट्या सहकारी संस्था आणि प्रशिक्षणवर्ग यांच्यामार्फत.

या धंद्यातील स्त्रियांनी वेगळी संघटना बांधण्याचा ठळक दाखला अमेरिकेतला आहे. तेथे १९८३ साली वुमेन्स ज्वेलरी असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. प्रादेशिक शाखा, व्याख्याने, शिष्यवृत्त्या आणि ओळखीपाळखी वाढवणारे मेळावे ही तिची कामाची पद्धत आहे. भारतात १९६६ सालापासून रत्ने व आभूषणे निर्यात प्रोत्साहन परिषद काम करते, पण तिचा रोख निर्यातीवर आहे. सीमाभागातल्या बाईची गरज त्याहून साधी आहे. वजन नीट कळावे, मजुरी वेळेवर मिळावी आणि आपण काय विकतो ते गिऱ्हाइकाला ठामपणे सांगता यावे, एवढीच.

बेळगावचे शहापूर हे उपनगर संस्थानी काळात सांगली संस्थानात मोडत होते. साड्यांबरोबर सराफीसाठीही ते ओळखले जाते आणि तिथली सराफ गल्ली आजही आहे. बेळगाव शहरात खडेबाजार, गणपत गल्ली या भागांत दागिन्यांची खरेदी चालते. दैवज्ञ आणि पांचाळ सोनार हे इथले जुने कारागीर. अलीकडच्या काळात बारीक कामासाठी बंगाली कारागीरही आले. १९५६ साली राज्य पुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, पण दागिन्यांच्या बाजाराने नकाशा पाळला नाही. चांदीसाठी तोंड कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीकडे, साजासाठी कोल्हापूरकडे आणि सोने वितळवून शुद्ध करण्यासाठी गलाई व्यावसायिकांकडे, असा रिवाज राहिला. देशभर पसरलेले हे गलाईवाले मूळचे बहुतेक सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी या भागांतले. त्या खानापूरचा आणि बेळगावच्या खानापूरचा संबंध नाही, पण बाहेरच्या माणसाची इथे हमखास गल्लत होते.

१९६३ साली मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आले आणि १४ कॅरेटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यावर बंदी आली. ही अट काही वर्षांत उठली, तरी १९६८ च्या कायद्याने नियंत्रण पुढे चालू राहिले आणि तो कायदा १९९० साली रद्द झाला. देशभरातल्या सोनारांच्या हातचे काम त्या काळात गेले. सोनाराची भट्टी थंडावली की घराचा भार बायकांच्या कमाईवर येतो. या घडामोडींचा इतिहास लिहिताना ही बाजू फार थोड्यांनी मांडली आहे.

*दागिने.* सीमाभागातील दागिन्यांत कोल्हापूर आणि उत्तर कर्नाटक एकमेकांत मिसळलेले दिसतात. तुशी, बोरमाळ, पुतळ्यांची माळ, चिंचपेटी, वज्रटीक, मोहनमाळ, लक्ष्मीहार, पाटल्या, तोडे, गोठ, बुगडी, नथ, जोडवी, मासोळ्या हे मराठी घरातले दागिने. बोरमाळ आणि टीक कानडी घरातही तितकीच मानाची. मराठा घरात डोरले, लिंगायत घरात ताळी (कानडी पद्धतीचे मंगळसूत्र) आणि इष्टलिंग ठेवण्याची चांदीची करडिगे. एकाच दुकानात हे सगळे मांडलेले असते आणि विकणारीला दोन्ही भाषांत दोन्ही रिवाज माहीत असावे लागतात. कोल्हापुरी साज अस्सल असेल तर त्यात २१ पाने असतात असे मानले जाते. त्यांत दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलाची, दोन माणिक-पाचूची आणि एक ताईताचे. ही मोजणी ज्या विक्रेतीला तोंडपाठ असते, तिच्यावर म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचा विश्वास लगेच बसतो.

*बायकांचे काम.* सोने-चांदी तापवणे, फुंकणीने झाळणे म्हणजे डाक लावून सांधे जोडणे, ऐरणीवर ठोकणे ही कामे पुरुषांची, असा जुना समज. त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे बहुतेक काम बायकांकडे आहे. जंतरातून, म्हणजे तार बारीक करण्याच्या भोकांच्या पट्टीतून, ओढलेली तार गुंडाळून कड्या कापणे, कडीत कडी घालणे, पैंजणाला घुंगरू बसवणे, रिठ्याच्या पाण्यात दागिना ब्रशने घासून उजाळा देणे. हुपरी ही हातकणंगले तालुक्यातली चांदीनगरी. तिथल्या पेढीवरून वजन करून दिलेली चांदी आसपासच्या गावांत घरोघर जाते आणि पैंजणांचे तयार जोड होऊन परत येते. निपाणी तालुक्याची उत्तरेकडची गावे या पट्ट्याला लागून आहेत. ज्या घरांत पूर्वी फक्त विड्या वळल्या जात, तिथे घुंगराचे काम हा दुसरा पर्याय ठरतो. दोन्ही कामे नगावर किंवा वजनावर, दोन्ही बसून करायची, दोन्हीत हिशेब दुसऱ्याच्या वहीत.

पोत गाठवणे हे वेगळे कसब आहे. पटवेकरी बाई रेशमी दोरा पायाच्या अंगठ्याला किंवा खुंटीला अडकवून ताणून धरते, मणी ओवते आणि प्रत्येक पदरानंतर आवळत जाते. तुशीत मणी इतके दाट बसले पाहिजेत की मध्ये दोरा दिसता कामा नये, आणि तरी गळ्यात घातल्यावर ती वळली पाहिजे. मागे सरकती गाठ आणि गोंडा. ही गाठ सैल पडली तर दागिना हरवतो आणि दोष सोनाराला लागतो. असे असूनही गाठवणावळ ही मजुरीच्या यादीत सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी असते. हा अन्याय आहे आणि तो परंपरेच्या नावाखाली झाकू नये.

झारेकरी स्त्रियांचा उल्लेखही इथे व्हायला हवा. सराफ गल्लीतली धूळ, दुकानापुढच्या गटारातला गाळ झाडून नेऊन तो धुवायचा आणि त्यातून सोन्याचे कण काढायचे, हे त्यांचे पिढीजात काम. कानडीत या लोकांना जालगार म्हणतात. दागिन्यांच्या धंद्यातल्या कोणत्याही संघटनेत त्यांना सहसा जागा मिळालेली नाही.

*शिक्षणवर्ग.* वर्गांचे विषय दोन प्रकारचे असतात. एक हातचे काम: मोत्यांची ओवणी, तारकाम, लाखेच्या बांगड्या, टेराकोटा व इमिटेशनचे दागिने. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांमध्ये, म्हणजे आरसेटींमध्ये, कृत्रिम दागिन्यांचा १३ दिवसांचा अभ्यासक्रम आहे. या संस्थांचे मूळ कर्नाटकातच आहे. धर्मस्थळाचे वीरेंद्र हेग्गडे यांच्या पुढाकाराने आणि सिंडिकेट व कॅनरा बँकांच्या साहाय्याने १९८२ साली उजिरे येथे पहिली संस्था निघाली आणि तोच नमुना पुढे देशभर घेतला गेला.

दुसरा प्रकार धंद्याच्या ज्ञानाचा, आणि खरी शक्ती तिथे आहे. हॉलमार्क हा त्यातला पहिला धडा. भारतीय मानक ब्युरोने सोन्यासाठी ही योजना २००० साली सुरू केली. १६ जून २०२१ पासून देशातील २५६ जिल्ह्यांत ती सक्तीची झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी (प्रत्येक दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) नसलेला हॉलमार्कचा दागिना दुकानदाराला विकता येत नाही. वर्गात भिंगातून तीन खुणा शोधायला लावतात: ब्युरोचे त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि एचयूआयडी. मग तो क्रमांक मोबाइलवरच्या बीआयएस केअर ॲपमध्ये घालून दागिन्याची नोंद पाहायची. २२ कॅरेटला ९१६, १८ ला ७५०, १४ ला ५८५. ९१६ म्हणजे १० ग्रॅमच्या दागिन्यात ९.१६ ग्रॅम शुद्ध सोने, बाकी तांबे-चांदी. हे गणित एकदा हाताने मांडले की जुना दागिना मोडताना कोणी फसवू शकत नाही.

बोरमाळ आणि तुशीच्या बाबतीत पुढचा धडा लागतो. यांचे मणी पोकळ असतात आणि आकार टिकावा म्हणून पुष्कळदा आत लाख भरलेली असते. काट्यावर जे वजन दिसते त्यात लाख आणि दोरा दोन्ही आले. वीस वर्षांनी तोच दागिना मोडायला नेला की आटणीत लाख जळून जाते आणि घट पाहून घरात भांडण होते. म्हणून पावतीवर एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचे वजन वेगवेगळे लिहून घ्यावे, असे प्रत्येक वर्गात बजावले जाते. तोळ्याचेही तसेच आहे. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, बाजारातला बोलीचा तोळा १० ग्रॅमचा. आजीच्या पाच तोळ्यांच्या पाटल्या आणि आजच्या पाच तोळ्यांच्या पाटल्या यांत आठ ग्रॅमहून जास्त फरक पडतो.

तिसरा धडा आरोग्याचा. झाळण्यासाठी कॅडमियम मिसळलेला डाक वापरण्याची पद्धत, जिला बाजारात केडीएम म्हणत, फुप्फुसे आणि मूत्रपिंडांना घातक आहे. कॅडमियमची वाफ नेहमी दिसतेच असे नाही. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, लेकरे शेजारी खेळत असताना झाळकाम चालते, तिथे खिडकी उघडी ठेवणे आणि कॅडमियमविरहित डाक वापरणे या गोष्टी नक्षीकामाच्या आधी शिकवल्या पाहिजेत. तेजाबाचेही (ॲसिडचेही) तेच.

*नोंदणी आणि योजना.* गट नोंदवायचा तर कर्नाटकात तीन वाटा आहेत: १९६० चा संस्था नोंदणी कायदा, १९५९ चा सहकारी संस्था कायदा आणि १९९७ चा सौहार्द सहकारी कायदा. मेळावे, व्याख्याने, वर्ग एवढेच करायचे असेल तर पहिली वाट पुरते. कच्चा माल एकत्र घ्यायचा, कर्ज वाटायचे, माल विकायचा तर सहकारी रूप सोयीचे. बहुतेक गट मात्र राज्याच्या स्त्रीशक्ती योजनेतल्या किंवा संजीवनी अभियानातल्या बचत गटांच्या पातळीवरच राहतात.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत आणि त्यांत सोनारकाम आहे. पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व नंतर २ लाखांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. अट अशी की एका कुटुंबातून एकच लाभार्थी, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको व अविवाहित मुले. सोनाराच्या घरात अर्ज नवऱ्याच्या नावाने जातो आणि तितकेच काम करणारी बायको कागदावरून पुसली जाते. अट घालताना उद्देश चांगला असेल, पण परिणाम हा आहे.

*सीमेची अडचण.* जून २०२३ पासून कर्नाटकच्या शक्ती योजनेत राज्यातल्या स्त्रियांना साध्या सरकारी बसने राज्यांतर्गत प्रवास मोफत झाला. निपाणीची बाई बेळगावच्या वर्गाला तिकिटाविना जाऊ शकते. तिचे खरे काम मात्र हुपरी-कोल्हापूरच्या पेढ्यांशी, आणि तिकडच्या वाटेवर दुसरे राज्य लागते. घडणावळीसाठी माल एका राज्यातून दुसऱ्यात नेताना डिलिव्हरी चलन, म्हणजे माल कोणाचा आणि कशासाठी चालला हे सांगणारा कागद, जवळ लागते. निवडणूक आचारसंहितेच्या काळात सीमेवरच्या कोगनोळी नाक्यासारख्या ठिकाणी तपासणी कडक होते आणि पिशवीतली चांदी कोणाची, कशासाठी, याचा कागद नसेल तर ती अडकून पडते. म्हणून चलन कसे भरावे हा विषय इथल्या वर्गांत ठेवावा लागतो. पुण्या-मुंबईच्या अभ्यासक्रमात त्याची गरज कोणाला वाटणार नाही.

भाषेची अडचणही खरी आहे. अर्ज, पोटनियम आणि परिपत्रके कानडीत, यंत्रांची माहितीपत्रके इंग्रजीत आणि शिकणारीची भाषा मराठी. जाणकार प्रशिक्षिका दोन्ही भाषा मिसळून शिकवतात आणि अवजारांची नावे कारखान्यात चालतात तीच ठेवतात. लेखी साहित्य मात्र दोन्ही लिप्यांत छापलेले क्वचितच मिळते. ते मिळाले पाहिजे. बोरमाळेची लाख, हॉलमार्कच्या खुणा आणि चलनाचा नमुना एवढी तीन पाने मराठी-कानडीत शेजारी शेजारी छापली, तरी वर्गाला न येऊ शकणाऱ्या बाईच्या हातात काही पडेल.

दोन्ही राज्यांनी मिळून एका कारागिरीचा हक्क मिळवल्याचे उदाहरण याच भागात आहे. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजयपूर अशा आठ जिल्ह्यांना एकत्र. अथणीच्या चर्मकार स्त्रियांच्या हातचे काम त्यात मोजले गेले. दागिन्यांच्या गटांनी संयुक्त अर्जाची हीच पद्धत अभ्यासण्यासारखी आहे. त्यासाठी आधी कोण काय घडवते आणि कोण काय गाठवते याची गावनिहाय नोंद लागते, आणि ती करताना घरातल्या बाईचे नाव वेगळ्या रकान्यात लिहावे लागेल.