घोडा आपल्यात काय वाचतो?

पर्यटनाचा हंगाम सुरू झाला की गोव्यात ‘वेलनेस’च्या जाहिरातींना ऊत येतो. यंदा त्यात घोड्याची भर पडली आहे. व्हॉट्सॲपवर फिरत फिरत एक संदेश माझ्यापर्यंत पोचला. घोड्याच्या हृदयाचं विद्युतचुंबकीय क्षेत्र माणसाच्या पाचपट मोठं असतं, त्या क्षेत्रात नुसतं उभं राहिलं की आपल्या हृदयाची ‘स्पंदनं’ त्याच्याशी जुळतात आणि मनाच्या जुन्या जखमा भरून येतात, असा त्यातला दावा. वाचून राग आला. घोड्याच्या सहवासात माणसाच्या मनाचं जे होतं ते मुळातच विलक्षण आहे, आणि ते समजावून सांगायला असल्या बनावट विज्ञानाची काडीइतकीही गरज नाही.

आधी ते चुंबकीय क्षेत्र निकालात काढू. हृदयाचे स्नायू आकुंचन पावतात तेव्हा त्यांच्यातून सूक्ष्म विद्युतप्रवाह वाहतात आणि प्रवाह आला की चुंबकीय क्षेत्र आलंच, इथवर सगळं खरं आहे. पण माणसाच्या छातीपाशी हे क्षेत्र फार तर १०० पिकोटेस्ला भरतं (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक; पिको म्हणजे त्याचा एक लाख कोटीवा भाग, मायक्रो म्हणजे दहा लाखावा). पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आपल्याकडे सुमारे ४० मायक्रोटेस्ला आहे, म्हणजे त्याच्या चार लाख पट. घोड्याचं हृदय चार किलोच्या आसपास असतं हे मान्य, त्याचं क्षेत्र पाचपट आहे हेही क्षणभर मान्य करू. तरी पृथ्वीचं क्षेत्र त्याच्या ऐंशी हजार पट उरतंच. शिवाय अंतर वाढलं की हृदयाचं क्षेत्र झपाट्याने क्षीण होतं. ते मोजायला सहसा अतिशीत तापमानात चालणारे अतिवाहक संवेदक आणि बाहेरचं चुंबकत्व अडवणारी खास खोली लागते. काळ्या घोड्याची नाल दारावर ठोकून शनीला थोपवणारी समजूत आणि ही ‘ऊर्जाक्षेत्रा’ची समजूत एकाच कुळीतल्या. दुसरीने फक्त विज्ञानाचे कपडे घातले आहेत.

मग घोडा करतो तरी काय?

घोड्याच्या मदतीने होणारे उपचार ढोबळमानाने दोन प्रकारचे. एक शरीरासाठी. घोडा चालताना त्याच्या पाठीवर बसलेल्या माणसाचं ओटीपोट पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि थोडं वळत हलतं, जवळजवळ आपण स्वतः चालताना हलतं तसंच. मेंदूच्या पक्षाघाताने (सेरेब्रल पाल्सी) पाय न वापरता येणाऱ्या मुलांना तोल शिकवण्यासाठी फिजिओथेरपिस्ट याचा उपयोग करतात. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ साली पोलिओ झाला, गुडघ्यांखालची ताकद गेली. घोड्यावर चढता-उतरताना त्यांना आधार लागायचा. तरी १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी अश्वारोहणात रौप्यपदक मिळवलं. त्यानंतर युरोपात या उपचारांकडे लोक गंभीरपणे पाहू लागले.

दुसरा प्रकार मनासाठी. त्यात बहुतेक वेळा घोड्यावर बसायचंच नसतं. घोड्याला खरारा करायचा, दोरी धरून चालवायचं, मोकळ्या रिंगणात त्याला आपल्याजवळ बोलावायचं. सोबत प्रशिक्षित समुपदेशक असतो आणि घोड्याची जबाबदारी घेणारा माणूस वेगळा असतो. मला लिहायचं आहे ते या दुसऱ्या प्रकाराबद्दल.

घोडा हा शिकार होणारा प्राणी. मोकळ्या गवताळ माळांवर लाखो वर्षं तो वाचला तो वेळेवर पळाल्यामुळे. त्याचे डोळे जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांत सर्वांत मोठ्यांपैकी आहेत आणि ते डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे जवळजवळ ३५० अंशांचा परिसर त्याला एकाच वेळी दिसतो. कपाळासमोरची थोडी जागा आणि शेपटीमागची पट्टी तेवढी सुटते. कान स्वतंत्रपणे वळतात. एवढीशी माशी बसली तरी तेवढ्याच जागेची कातडी थरथरते. कळपात शेजारच्या घोडीचं अंग ताठरलं, तर कारण कळायच्या आत आपणही सावध व्हायचं, हा त्याच्या जगण्याचा नियम. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशातून आजच्या पाळीव घोड्यांचे पूर्वज जगभर पसरले, आणि माणूसही त्याच्या कळपात सामील झाला.

तो माणसाला किती बारकाईने वाचतो, याचा पहिला भक्कम पुरावा एका फसलेल्या चमत्कारातून मिळाला. बर्लिनमध्ये १९०४च्या सुमारास हान्स नावाचा घोडा गाजत होता. मालक निवृत्त गणितशिक्षक. गणित विचारलं की हान्स पुढच्या खुराने तितक्या टापा मारून उत्तर द्यायचा. तज्ज्ञांच्या समितीला त्यात लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंगस्ट या संशोधकाने प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल अशी व्यवस्था केली, आणि हान्स चुकू लागला. तो वाचत होता ते समोरच्या माणसाचं डोकं. प्रश्न विचारून माणूस किंचित पुढे झुकायचा, तेव्हा टापा सुरू व्हायच्या. बरोबर आकडा आला की ताण सुटून डोकं मिलिमीटरभर वर व्हायचं, तेव्हा थांबायच्या. मला सर्वांत भावतो तो पुढचा भाग. हे गुपित कळल्यावरही फुंगस्टला स्वतःची ती हालचाल पूर्णपणे थांबवता येईना. घोडा वाचत होता ते त्याच्या इच्छेच्या ताब्यात नव्हतंच.

पुढच्या शंभर वर्षांत हे चित्र अधिक स्पष्ट झालं. २००९ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी माणसांना घोडे चालवत ठरलेल्या वाटेने चार वेळा न्यायला सांगितलं. चौथ्या फेरीआधी सांगितलं, की या वेळी घोडा जवळून जाताना छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी त्या फेरीत माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि ज्यांना छत्रीची काही कल्पनाच नव्हती त्या घोड्यांचेही वाढले. २०१६ साली ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठात घोड्यांना अनोळखी माणसांचे रागीट आणि हसरे फोटो दाखवले. रागीट चेहरा घोडे डाव्या डोळ्याने अधिक पाहत होते, आणि त्यांच्या ठोक्यांचा वेगही लवकर चढत होता. डाव्या डोळ्याची माहिती मुख्यतः मेंदूच्या उजव्या अर्धगोलात जाते, आणि धोक्याचा विचार तिथे अधिक होतो. २०२३ साली फ्रान्समधल्या प्रयोगांनी दाखवलं, की भीतीच्या वेळचा माणसाचा घाम आणि आनंदाच्या वेळचा घाम यांच्या वासात घोड्याला फरक कळतो.

आता माणसाच्या बाजूला येऊ. थोडं शरीरशास्त्रात शिरावं लागेल, पण सगळी गंमत तिथेच आहे.

आपल्या हृदयाचा ठोका सुरू करणारा पेशींचा एक पुंजका हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात असतो. मेंदूतून त्याच्यापर्यंत दोन प्रकारचे निरोप येतात. एक वेग वाढवणारा, धोक्याच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या अनुकंपी चेतासंस्थेचा. तो सावकाश चढतो आणि सावकाश उतरतो. दुसरा व्हेगस नावाच्या चेतेतून येणारा, वेग कमी करणारा. व्हेगसच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन हे रसायन सुटतं, त्याने त्या पेशींमधल्या पोटॅशियमच्या वाटा उघडतात आणि पुढचा ठोका लांबतो. हे सगळं एक-दोन ठोक्यांच्या आत होतं. आता मौज अशी, की श्वास आत घेताना व्हेगसचा निरोप दबतो आणि सोडताना मोकळा होतो. म्हणून श्वास घेताना नाडी किंचित जलद आणि सोडताना किंचित मंद होते. मनगटावर बोट ठेवून बघा, शांत बसला असाल तर फरक जाणवेल. त्यातच रक्तदाब सांभाळणारी प्रतिक्षिप्त क्रिया सुमारे दहा सेकंदांच्या लयीत वरखाली होत असते. मिनिटाला साधारण सहा श्वास घेतले, तर श्वासाची लय आणि ही लय एकमेकींवर पडतात, आणि ठोक्यांमधला हा चढउतार सर्वांत मोठा होतो. घाबरलेल्या शरीराला आपण ‘शांत हो’ असा थेट हुकूम देऊ शकत नाही. श्वास मात्र इच्छेच्या ताब्यात आहे, आणि त्यातही लांब, सावकाश सोडलेला श्वास ही व्हेगसपर्यंत पोचायची सर्वांत जवळची वाट.

अडचण एवढीच, की दीर्घकाळ भीतीत किंवा दुःखात राहिलेल्या माणसाला आपण ताठरलो आहोत हे कळतच नाही. खांदे कानांपर्यंत चढलेले असतात, जबडा आवळलेला असतो, श्वास छातीच्या वरच्या टोकाशी अडकलेला असतो, आणि त्याला तेच नेहमीचं वाटत असतं.

उत्तर गोव्यातल्या एका खासगी पागेत मी हे जवळून पाहिलं. कॉलेजला जाणं बंद केलेली एक मुलगी एका कुमैत घोडीला खरारा करत होती. हात मानेवरून खांद्याकडे जायचा, पण ब्रश दाबून, घाईघाईने. घोडीचा त्या बाजूचा कान मागे वळला, मानेची शीर वर आली आणि तिने एक पाऊल पलीकडे टाकलं. घोडीची देखभाल करणाऱ्या मोतद्दाराने दोरी सैलच ठेवली होती.

“आता तिनं काय केलं?” समुपदेशक ताईंनी विचारलं.

“मागं सरली. तिला मी आवडत नाही.”

“असेल. त्याआधी तू काय करत होतीस?”

मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “श्वास धरून ठेवला होता बहुतेक.”

ताईंनी एवढंच सांगितलं, की घोडीच्या बरगड्या बघ आणि तिच्याबरोबर श्वास सोड. निवांत उभा असलेला घोडा मिनिटाला आठ ते चौदाच्या आसपास श्वास घेतो, म्हणजे धास्तावलेल्या माणसापेक्षा कितीतरी सावकाश. तिसऱ्या-चौथ्या श्वासाला मुलीचे खांदे खाली आले, ब्रशचा दाब हलका झाला. घोडीने ते पाऊल परत आत घेतलं, मान उतरवली आणि मागचा एक पाय सैल सोडला. मुलीच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य अजून डोळ्यांसमोर आहे. “खांदे बघ कुठं आलेत तुझे,” ताई म्हणाल्या, तेव्हा तिने पहिल्यांदा स्वतःकडे पाहिलं.

माझ्या मते या उपचाराचा गाभा तो हाच. घोड्याला तिचं हृदय दिसत नाही. स्नायूंमध्ये, पावलांमध्ये, हाताच्या दाबात उमटलेलं त्याचं रूप तो वाचतो आणि तत्काळ उत्तर देतो. ते उत्तर मोठ्या अंगाचं असतं, दुर्लक्ष करता येत नाही. माणसं अशा मुलीला ‘काही होत नाही गं’ म्हणतात, किंवा चिडतात, किंवा कीव करतात. घोडीने यातलं काहीच केलं नाही. ती भ्याली तेव्हा सरकली, निवळली तेव्हा आली. हा व्यवहार दोन्ही बाजूंनी चालतो. फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवर १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, घोडे एकमेकांना जिथे खाजवतात त्या मानेच्या बुडाशी माणसाने खाजवलं, तर प्रौढ घोड्यांचे ठोके सुमारे ११ टक्क्यांनी उतरले. भलतीकडे खाजवलं तर उतरले नाहीत.

आत्मविश्वासाचंही तसंच. साडेचारशे किलोच्या जनावराला ओढून नेता येत नाही. कुठे जायचं ते आधी आपल्या मनात पक्कं असावं लागतं, मग पाऊल, मग दोरी. गडबडून ‘चल ना’ म्हणत मागे वळून बघणाऱ्याबरोबर घोडा बहुतेकदा निघतच नाही. ‘नाही’ म्हणणं जमत नसलेल्या माणसाला घोड्याला दोन पावलं दूर उभं राहायला लावणं जमलं, की त्यावर समुपदेशकाशी पुढे बोलता येतं. ते बोलणं झालं नाही तर उरते ती नुसती छान सकाळ.

पुरावा किती आहे, तेही सांगितलं पाहिजे. अमेरिकेत २०१५ साली ऑटिझम असलेल्या १२७ मुलांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत विभागून अभ्यास झाला. एका गटाने दहा आठवडे घोडेस्वारी केली, दुसऱ्याने घोड्याशिवाय पागेतलेच धडे घेतले. पहिल्या गटाची चिडचिड आणि अतिचंचलता अधिक कमी झाली. कोलंबिया विद्यापीठात युद्धाच्या आघाताने त्रस्त ६३ माजी सैनिकांना आठ आठवड्यांत फरक पडला, पण तिथे तुलनेला दुसरा गट नव्हता. २०१४ साली १४ अभ्यासांची छाननी करणाऱ्या संशोधकांनी तर स्पष्टच म्हटलं, की मानसिक आजारांवरच्या या उपचारांना पुरेसा आधार नाही. म्हणून मी याला मुख्य उपचार म्हणणार नाही. समुपदेशनाला जोड म्हणून ते मोलाचं आहे, असं माझं मत.

मानसोपचाराची चाचणी कशी करायची ते गोव्याला बाहेरून शिकायला नको. मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या ‘संगाथ’ संस्थेच्या चमूने इथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर अभ्यास केला, तो २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. थोडं प्रशिक्षण घेतलेल्या सामान्य समुपदेशकांशी बोलणं झालेल्या गटात तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. ज्यांना केवळ नेहमीची सेवा मिळाली त्यांच्यात ३९ टक्के. घोड्यांच्या बाबतीतही असंच, तोच समुपदेशक घोड्यासह आणि घोड्याशिवाय, असं तपासायला हवं. आणि जीव नकोसा वाटण्यापर्यंत वेळ आली असेल तर पागेची वाट धरू नका. बांबोळीची मानसोपचार संस्था आहे, १४४१६ ही सरकारी ‘टेली मानस’ मदतवाहिनी आहे.

राहता राहिला आपल्या हवेचा प्रश्न. शिगम्याला सत्तरी-डिचोलीकडे घोडेमोडणी हे लोकनृत्य होतं, त्यातला घोडा लाकडाचा. खरा घोडा इथे समुद्रावाटे आला. अरबस्तानातले घोडे गोव्याच्या बंदरात उतरवून विजयनगरला विकण्याचा व्यापार एवढा किफायतशीर होता, की १५१०नंतर पोर्तुगीजांनी तो आपल्या मुठीत घेतला. दक्षिणेत हे घोडे फार टिकत नसत, म्हणून दरवर्षी नवे लागत. घोड्याला माणसासारखाच भरपूर घाम येतो. त्याच्या घामात लॅथेरिन नावाचं फेस आणणारं प्रथिन असतं, त्यामुळे दाट केसांतून घाम पसरतो आणि वाळून अंग थंड करतो. आपल्या दमट हवेत तो लवकर वाळत नाही.

थकलेला, बांधून ठेवलेला, दिवसभर पर्यटकांच्या हाती दिलेला घोडा हळूहळू उत्तर देणंच सोडून देतो. कान लटकतात, डोळे विझतात, कोणीही कसंही हाताळलं तरी तो हलत नाही. बघणाऱ्याला तो ‘फार शांत’ वाटतो. पण ज्या संवेदनक्षमतेसाठी त्याच्याकडे जायचं तीच अशा घोड्यात उरलेली नसते. म्हणून कुठे जाणार असाल तर प्रमाणपत्रांच्या आधी घोडे बघा. नको असेल तेव्हा घोड्याला बाजूला जाऊ देतात का, समुपदेशक आणि घोड्याचा माणूस वेगवेगळे आहेत का, हेल्मेट आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी कोणी करतं का, ते विचारा. उन्हाळ्यात नऊच्या आत घोडे सावलीत परतलेले दिसले, तर त्या पागेत जाणती माणसं आहेत असं समजायला हरकत नाही.