टनभर पाणी आणि न सापडणारे साडेसात किलो

नवी मुंबईत ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत कुठल्याही जुन्या सोसायटीच्या गच्चीवर काळ्या प्लास्टिकच्या टाक्या दिसतात. हजार लिटरची टाकी काठोकाठ भरली की आत जवळजवळ एक टन पाणी असतं. या एका टनाचे प्रोटॉन, म्हणजे अणूच्या केंद्रातले धनभारित कण, करून पाहू: टनभर वजन भरायला किती प्रोटॉन लागतील?

प्रोटॉनचं वस्तुमान १.६७२६ गुणिले १० चा उणे २७वा घात इतके किलो. म्हणजे दशांश चिन्हानंतर आधी २६ शून्यं, मग १६७२६. हजार किलोंना या संख्येनं भागायचं. भागताना उणे घात अधिक होतो. ते चिन्ह विसरलं तर उत्तर एकदम ५४ शून्यांनी चुकतं. बरोबर उत्तर येतं ५.९८ गुणिले १० चा २९वा घात, साधारण साठ कोटी कोटी कोटी कोटी. आपल्या एकं-दहं-शतंच्या यादीत शेवटी येणारा परार्ध म्हणजे १० चा १७वा घात. असे सहा लाख कोटी परार्ध झाले.

टन कोणता, हे मात्र आधी ठरवून घ्यावं. उरण फाट्यावरून न्हावाशेवा बंदराकडे जाणाऱ्या अनेक कंटेनरच्या मागच्या दारावर कमाल वजन ३०,४८० किलो असं रंगवलेलं असतं. हा आडनिडा आकडा ३० ब्रिटिश टनांचा आहे. तो टन १,०१६ किलोंचा असतो. अमेरिकी टन ९०७ किलोंचा. आपण हजार किलोंचाच धरला आहे.

इथवरचं काम मोबाइलवरचा कॅल्क्युलेटरही करतो. पण त्या उत्तराचा अर्थ बहुतेक जण चुकीचा लावतात. टाकीत ५.९८ गुणिले १० चा २९वा घात इतके प्रोटॉन आहेत, असं हे उत्तर सांगत नाही. तेवढे सुटे प्रोटॉन गोळा केले तर त्यांचं वजन एक टन भरेल, एवढंच ते सांगतं. इलेक्ट्रॉनच्या, म्हणजे अणुकेंद्राबाहेरच्या अतिशय हलक्या कणाच्या, बाबतीत हा फरक डोळ्यांत भरतो. टनाला इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानानं भागलं तर १.१ गुणिले १० चा ३३वा घात मिळतो. टाकीत प्रत्यक्ष असलेले इलेक्ट्रॉन याच्या तीन हजारांहून अधिक पटींनी कमी आहेत.

मग खरी मोजणी करू. पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक: मिळून १० प्रोटॉन, १० इलेक्ट्रॉन आणि ८ न्यूट्रॉन (अणुकेंद्रातले विद्युतभार नसलेले कण). टनभर पाण्यात ३.३४ गुणिले १० चा २८वा घात इतके रेणू असतात. आता प्रत्येक कणाचं सुटं वजन घेऊन बेरीज मांडली तर प्रोटॉन भरतात ५५९ किलो, न्यूट्रॉन ४४८ किलो आणि सगळे इलेक्ट्रॉन मिळून जेमतेम ३०० ग्रॅम. पाण्याचा ओलावा, त्याचं उकळणं, साबणाचा फेस, सगळं रसायन या ३०० ग्रॅमच्या जोरावर चालतं! नवी मुंबईला पाणी पुरवणारं मोरबे धरण पूर्ण भरलं की त्यात सुमारे १९ कोटी टन पाणी असतं. त्यातले इलेक्ट्रॉन वेगळे काढले तर ५८ हजार टन भरतील.

पण बेरीज पुन्हा बघा. ती १,००७ किलोंच्या वर जाते. शिवाय ऑक्सिजनच्या दर पाचशे अणूंमागे साधारण एक अणू दोन न्यूट्रॉन जास्त असलेला असतो. असे जड अणू हिशेबात घेतले की आणखी पाव किलो वाढतो. काट्यावर पाणी हजार किलो, सुट्या कणांची बेरीज हजार साडेसात. भागाकारात चूक नाही. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन ऑक्सिजनच्या अणुकेंद्रात एकत्र बांधले गेले तेव्हा तेवढं वस्तुमान ऊर्जा होऊन बाहेर पडलं. हे घडलं सूर्य जन्मण्याच्या आधी, दुसऱ्या ताऱ्यांच्या पोटात. आइन्स्टाइनच्या समीकरणानं साडेसात किलोंची ऊर्जा काढली तर विजेच्या बिलावरच्या भाषेत ती सुमारे १८,७०० कोटी युनिट होते. आणि ही एका टाकीची गोष्ट.

एवढ्याशा प्रोटॉनचं वजन करतात तरी कसं? चुंबकीय क्षेत्रात अडकवलेला विद्युतभारित कण गोल फिरतो. कण जितका जड तितक्या त्याच्या फेऱ्या संथ. जर्मनीत २०१७ साली एकट्या प्रोटॉनच्या फेऱ्यांची कार्बनच्या अणुकेंद्राच्या फेऱ्यांशी तुलना करून त्याचं वस्तुमान आधी कधी नव्हतं इतकं अचूक काढलं गेलं. ते तोवर मानल्या गेलेल्या आकड्यापेक्षा किंचित कमी निघालं.

हिशेब आणखी एक पायरी खाली नेता येतो. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन क्वार्क नावाच्या आणखी लहान कणांचे बनलेले, पण त्या क्वार्कांचं स्वतःचं वस्तुमान एकूण वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास आहे. उरलेलं वजन येतं त्यांच्या हालचालीच्या आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या बलक्षेत्राच्या ऊर्जेतून. तेव्हा टनभर पाण्याचे क्वार्क करायला बसलात, तर क्वार्कांच्या नावावर दहा किलोंच्या आसपासच काहीतरी जमा होईल.