लाल काचेमागचं काळं आकाश

१० एप्रिल १९२७. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीत ॲन्सेल ॲडम्स हा पंचविशीतला छायाचित्रकार अवजड कॅमेरा पाठीवर घेऊन बर्फातून वर चढला होता. समोर हाफ डोमचा ग्रॅनाइटचा सरळसोट कडा आणि हाताशी, फिल्मसारखा प्रकाश टिपणारा लेप दिलेल्या, काचेच्या दोनच प्लेट शिल्लक. पहिली त्याने पिवळा फिल्टर लावून वापरली आणि लगेच त्याला जाणवलं, यात कडा दिसेल, पण त्याची जरब उतरणार नाही. मग शेवटच्या प्लेटसाठी त्याने गडद लाल फिल्टर चढवला आणि त्याला लागतं तेवढं, म्हणजे सोळापट, एक्सपोजर (प्लेटवर पडू द्यायचा प्रकाश) वाढवलं. त्या कृष्णधवल छायाचित्रात आकाश जवळजवळ काळं आहे.

फिल्टर रंग चढवतो असं वाटतं खरं, पण तो देत काहीच नाही, नुसता अडवतो. लाल काच निळा-हिरवा प्रकाश शोषून घेते आणि लाल तेवढा सोडते. एक्सपोजर वाढवावं लागतं ते त्यामुळेच. आकाशाचा उजेड म्हणजे हवेच्या रेणूंनी विखुरलेला सूर्यप्रकाश. त्यात ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाच्या चौपटीहून अधिक विखुरतो. तो निळाच काढून घेतला, तर आकाशाकडे उरणार काय? बर्फ आणि ढग मात्र सगळे रंग जवळपास सारखेच परतवतात, म्हणून ते पांढरे राहतात. सावलीतल्या जागांना मिळणारा उजेडही बराचसा निळ्या आकाशाकडूनच येतो, त्यामुळे सावल्याही गडद होतात. कड्याला उठाव येतो तो यातून.

अर्थात ॲडम्सच्या प्लेटला लाल प्रकाश ‘दिसत’ होता, म्हणून हे जमलं. सुरुवातीच्या प्लेट निळ्यापलीकडे जवळपास आंधळ्याच होत्या. १८७३ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान फोगेल यांना आढळलं, की प्लेटच्या लेपात ठरावीक रंगद्रव्यं मिसळली तर ती इतर रंगांनाही प्रतिसाद देते. लाल फिल्टरला अर्थ आला तो त्या वाटेने पुढे गेल्यावर.

लाल फिल्टर दूरच्या डोंगरांवरची निळसर झाक कापतो, हे ऐकून कुणी तो पावसाळ्यात माळशेज घाटात नेईल, तर निराशा ठरलेली. ती झाक रेणूंची आणि अतिसूक्ष्म कणांची असते. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे. ते सगळ्याच रंगांना सारखंच विखुरतात. तिथे काचेचा रंग कोणताही असो, धुकं हटत नाही.

डिजिटल कॅमेऱ्यासाठी लाल काच विकत घ्यायच्या मी तरी विरोधात आहे. त्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरवर बहुतेक वेळा आधीच सूक्ष्म फिल्टरांची जाळी असते: निम्मे हिरवे, पाव लाल, पाव निळे. ही मांडणी कोडॅकच्या ब्राइस बेयर यांची, पेटंट १९७६ चं. वरून लाल काच लावली की कामाचे पिक्सेल उरतात जेमतेम पाव. त्यापेक्षा रंगीत फोटो काढावा, एडिटिंग ॲपमध्ये कृष्णधवल करावा आणि लाल, हिरव्या, निळ्या रंगांचं प्रमाण बदलून पाहावं. त्यासाठी लाल कुंकू लावलेला चेहरा उत्तम. लाल वाढवला की कुंकू कपाळात मिसळून जवळपास नाहीसं होतं. निळा वाढवला की तेच काळं ठसठशीत उमटतं, आणि त्वचेवरचे सगळे डागही.