आयओटीसाठी बिनतारी जाळ्याची निवड (गोवा)

सेन्सर, मीटर, पंप, कॅमेरे अशी इंटरनेटला जोडलेली उपकरणे (म्हणजेच आयओटी) कोणत्या रेडिओ जाळ्यावरून बोलतील हे ठरवणे. वेगाचा विचार यात शेवटी येतो. आधी पाहायचे ते निरोप केवढा, दिवसातून किती वेळा, वीज कुठली आणि निर्णय कुठे घ्यायचा. निर्णय उपकरणाजवळच घेतला तर त्याला एज कॉम्प्युटिंग म्हणतात. जाळ्यावर किती भार पडणार हे बरेचसे त्यावरच ठरते.

खाजनात हे नीट दिसते. मांडवी-जुवारीच्या काठची ही शेते बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली. बांधातल्या मानशीची (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेची) लाकडी दारे भरतीच्या रेट्याने मिटतात, ओहोटीला उघडतात. दाराच्या दोन्ही अंगांना पाण्याची पातळी आणि आतल्या बाजूला क्षारता मोजायची, तर दर १५ मिनिटांनी दिवसाला ९६ नोंदी होतात. त्या सगळ्या पाठवायच्या कशाला? भरतीच्या वेळी आतली पातळी वाढली पण क्षारता वाढली नाही, तर ते पावसाचे पाणी. दोन्ही वाढले, तर दार नीट बसलेले नाही. ही तुलना मानशीवरचा छोटा प्रोसेसर करतो आणि गरज पडली तरच हाक देतो. (ऐन पावसाळ्यात नदीच गोडी होते, तेव्हा हा निकष सैल पडतो.)

अशा चार-दोन बाइटच्या कामाला लोरावान, म्हणजे थोड्या विजेवर लांबवर छोटे निरोप पोचवणारे रेडिओ जाळे, उत्तम. त्याचा ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झचा पट्टा भारतात २००५ पासून स्पेक्ट्रम परवान्याविना खुला आहे. उपकरणाला मान्यता मात्र लागते. सर्वांत संथ गतीला एका निरोपात ५१ बाइट मावतात. उघड्या खाजनावर उंच खांबावरचा एक गेटवे (सेन्सरांचे निरोप गोळा करून इंटरनेटवर पोचवणारे यंत्र) काही किलोमीटर सांभाळतो.

कुळागरातल्या (माड-पोफळीच्या बागेतल्या) पंपाचे गणित वेगळे. बॅटरीवरचा लोरावान सेन्सर सहसा स्वतः बोलल्यानंतर क्षणभरच ऐकतो. ‘पंप बंद कर’ हा हुकूम तो पुन्हा बोलेपर्यंत ताटकळतो. पंपाला वीज असतेच, म्हणून त्याचा रेडिओ सतत ऐकत ठेवावा, किंवा मोबाइल टॉवर पोचत असेल तिथे सिमवर चालणारे एनबी-आयओटी घ्यावे. त्याचे मानक २०१६ मध्ये ठरले. मासळी जेटीवरच्या कॅमेऱ्याला मात्र वायफाय किंवा फोर-जीच हवे.

माड-पोफळीच्या दाटीत २.४ गिगाहर्ट्‌झचे वायफाय लवकर दमते, कारण ओली पाने त्या लहरी अधिक शोषतात. म्हणून कुळागरात रेंजची चाचणी मे महिन्यात घेऊन भागत नाही. ती भर पावसात, पाने निथळत असताना घ्यावी.