डोळा लागण्याआधी

रात्रीच्या प्रवासात ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्याने झोपायचं नाही, हा आपल्याकडचा अलिखित नियम. त्याने गप्पा मारायच्या, गाणी बदलायची, शेंगदाणे पुढे करायचे आणि मधूनच तिरक्या नजरेने बघून घ्यायचं, गडी जागा आहे ना? ट्रकमध्ये हे काम क्लीनरचं, घरच्या गाडीत ते बहुधा धाकट्या मेहुण्याच्या गळ्यात पडतं. आता ते स्टिअरिंगमागे बसवलेल्या एका चिमुकल्या कॅमेऱ्याकडे चाललं आहे.

झोप ओळखायची म्हणजे पाहायचं काय? जांभई फसवी. ती कंटाळ्यानेही येते आणि शेजाऱ्याची पाहूनही. पापणी जास्त खरं बोलते. जागा माणूस मिनिटाला साधारण 15-20 वेळा पापण्या लववतो आणि प्रत्येक उघडझाप सेकंदाच्या दोन-तीन दशांशांत उरकते. पेंग आली की पापणी सावकाश मिटते, उघडायलाही वेळ लावते. अमेरिकेत व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांनी 1994 मध्ये यातून एक माप काढलं, ‘पर्क्लोज’. मिनिटातला किती टक्के वेळ पापणीने डोळ्याची बाहुली 80 टक्के किंवा त्याहून जास्त झाकली होती, एवढंच ते मोजतं. साधं वाटतं, पण ताशी 100 किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला 28 मीटर जाते. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे 80 मीटरहून जास्त रस्ता कुणीच न चालवलेला.

पापणी मोजायची तर आधी ती सापडायला हवी, आणि इथे कृत्रिम बुद्धिमत्ता येते. असंख्य चेहऱ्यांच्या चित्रांवर शिकवलेली प्रणाली कॅमेऱ्याच्या चित्रात नाक, ओठ, डोळ्यांच्या कडा शोधून त्यांवर ठिपके ठेवते. एका प्रचलित पद्धतीत प्रत्येक डोळ्याभोवती सहा ठिपके असतात. त्यांवरून डोळ्याच्या उंचीला रुंदीने भागायचं. ड्रायव्हर पुढे वाकला, मागे रेलला, तर चित्रातला डोळा लहान-मोठा होतो, पण हे गुणोत्तर फारसं बदलत नाही. पापणी मिटली की मात्र धाडकन खाली येतं.

मुळातच बारीक डोळ्यांच्या माणसाचं काय? 2022 मध्ये चीनमध्ये एका गाडीमालकाने जाहीर तक्रार केली होती: माझे डोळेच लहान आहेत, मी झोपलेलो नाही! म्हणून चांगली प्रणाली आधी त्या माणसाचा नेहमीचा डोळा शिकते आणि मग त्यात पडलेला फरक पाहते.

अंधारासाठीची युक्ती मला सगळ्यात आवडते. कॅमेऱ्याशेजारचे दिवे चेहऱ्यावर अवरक्त प्रकाश टाकतात, बहुतेकदा 940 नॅनोमीटर तरंगलांबीचा. आपल्याला तो दिसत नाही, त्यामुळे डोळे दिपत नाहीत. शिवाय सूर्यप्रकाशातला नेमका याच पट्ट्यातला बराच भाग हवेतली वाफ वाटेतच शोषून घेते. कॅमेऱ्यावर फक्त हा पट्टा आत सोडणारी गाळणी लावली की भर दुपारीही चेहरा स्वच्छ दिसतो. काळ्या गॉगलच्या बऱ्याच काचांतूनही हा प्रकाश आरपार जातो. सगळ्याच काचांतून जातो असं मात्र नाही.

टोयोटाने 2006 मध्ये जपानात लेक्ससच्या गाड्यांत असा कॅमेरा दिला, तेव्हा तो चेहरा कुठे वळलाय एवढंच पाहायचा. आज नजर कुठे आहे हेही कळतं. युरोपच्या नियमानुसार, वेग ताशी 50 किलोमीटरहून जास्त असताना नजर साडेतीन सेकंद खाली, म्हणजे बहुधा मांडीवरच्या मोबाइलकडे, राहिली तर गाडीने टोकलंच पाहिजे. चाकणला तयार होणाऱ्या महिंद्राच्या बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई या विजेवरच्या गाड्यांच्या वरच्या श्रेणींतही ड्रायव्हरवर नजर ठेवणारा कॅमेरा आहे.

मागच्या सीटसाठी वेगळा डोळा लागतो. तिथे 60 गिगाहर्ट्झचा रडार वापरतात. त्याच्या लहरीची लांबी 5 मिलिमीटर, त्यामुळे पांघरुणाखाली झोपलेल्या तान्ह्या बाळाची श्वासाबरोबर हलणारी छातीही त्याला जाणवते. बाळ गाडीत राहिलं आणि दारं लॉक झाली, तर तो वेळेत सूचना देऊ शकतो.

पण पापणी सगळंच सांगत नाही. समृद्धी महामार्गामुळे आपल्याकडे ‘महामार्ग संमोहन’ हा शब्द रुळला. सरळसोट, एकसुरी रस्ता. डोळे टक्क उघडे आणि मन भलतीकडे. पर्क्लोजच्या लेखी हा माणूस ठणठणीत जागा! मग नजरेच्या हालचालीकडे बघावं लागतं. जागरूक चालक आरसे, वेगाचा काटा, लांबचा रस्ता असं सतत टिपत असतो. संमोहित नजर एकाच जागी खिळते. हे ओळखणं पापणी मोजण्याहून कितीतरी अवघड आहे.

आणि टिपलेलं जातं कुठे? युरोपच्या कायद्याप्रमाणे ही माहिती गाडीतच वापरायची आणि बाहेर कुणाला द्यायची नाही. मालवाहू ताफ्यांतल्या कॅमेऱ्यांचा हिशेब वेगळा, तिथलं चित्रण मालकाच्या कार्यालयात पोचू शकतं. मला खटकतं ते इथे. आपल्या 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तासांच्या कामाची मर्यादा होती. 2025 मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली, तरी आठ तासांची मर्यादा कायम आहे. पहाटे तीनला कुणाची पापणी जड झाली, हे मोजणाऱ्या यंत्राला तो गडी किती तासांपासून स्टिअरिंगवर आहे, हे मोजणं मुळीच कठीण नाही. त्यासाठी घड्याळ पुरतं. तो आकडा मालकाच्या पडद्यावर पापणीच्या आकड्याशेजारीच का असू नये?